शुगर असलेल्यांचे डोळे एआय तपासते, पण ‘ठीक’ म्हटले म्हणजे काय? समजून घ्या

गडचिरोली/चंद्रपूर : शुगरमुळे डोळ्याचा आतला पडदा खराब होतो, तेव्हा सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, दिसतेही नीट. दिसायला कमी झाले की दवाखाना आठवतो, पण तोवर गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या, असे डॉक्टर सांगतात. पण भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या वर. जाण्यायेण्यात मजुरी बुडते, भाडे वेगळेच. मग तपासणीच गावाजवळ आली तर?

मुंबईत काय झाले?

मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत २०१८ मध्ये डॉ. एस. नटराजन यांच्या चमूने ही चाचणी घेतली. आरोग्य कर्मचाऱ्याने स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढले. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले नाहीत. फोनमधल्या एआयने इंटरनेटशिवाय निकाल दिला. मग तो डोळ्यांच्या डॉक्टरांच्या निदानाशी ताडून पाहिला.

२१३ जणांच्या या चाचणीत डॉक्टरकडे पाठवायलाच हवा, असा एकही रुग्ण सुटला नाही. पण गरज नसलेल्यांपैकी शंभरात साधारण १२ जणांनाही ‘पाठवा’ असे सांगितले गेले. आणि अगदी सुरुवातीचा बिघाडही धरला, तर बिघाड असलेल्या शंभरात साधारण १५ जण सुटले.

डॉक्टरच्या हाती एआय दिले तर?

तेही तपासले गेले. गुगलच्या २०१९ च्या अभ्यासात १० नेत्रतज्ज्ञांनी १,७९६ फोटो पाहिले. एआयने संशयाची जागा रंगवून दाखवली, तेव्हा बिघाड असलेल्या डोळ्यांचे निदान सुधारले. पण निरोगी डोळ्यांच्या निदानात चुका वाढल्या. म्हणजे यंत्राने बोट दाखवले की डॉक्टरही त्या बाजूला झुकू शकतो.

आपल्याकडे वेगळी चाचणी का हवी?

थायलंडच्या दवाखान्यांत गुगलचे एआय वापरले, तेव्हा पाचातला साधारण एक फोटो नीट नाही म्हणून नाकारला गेला. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांत मोतीबिंदू बराच, त्यामुळे फोटो धूसर येतो. सिकलसेलनेही पडदा बिघडतो. फक्त शुगरचा बिघाड शिकलेले एआय तो ओळखेलच, असे नाही.

शिबिरात गेलात तर हे विचारा

• फोटो नीट आला का? ‘फोटो आला नाही’ म्हणजे ‘डोळा ठीक’ नव्हे.

• तपासले काय? शुगरचा बिघाड नाही, याचा अर्थ काचबिंदू नाही असा होत नाही.

• चिठ्ठी मिळाली तर जायचे कुठे, कोणत्या वारी? पडद्याचा उपचार कुठे होतो?

‘ठीक’ निघाले तरी पुढच्या वर्षी पुन्हा तपासा. आणि मध्येच दिसायला कमी झाले, तर शिबिराची वाट पाहू नका. सरळ डॉक्टर गाठा.