यादी फोडणारी माणसं

वाकड सोडून हिंजवडीत शिरलं की रस्ता तोच राहतो, ट्रॅफिकही तेच राहतं, पण आमदार बदलतो आणि खासदारही बदलतो. वाकडचा मतदार चिंचवड विधानसभेचा आणि मावळ लोकसभेचा. हिंजवडीचा आणि तिला खेटून असलेल्या माणचा मतदार मात्र भोर विधानसभेचा आणि बारामती लोकसभेचा. फेज तीनमधल्या मेगापोलिससारख्या वसाहतीत राहणाऱ्या, मूळच्या जळगावच्या किंवा नागपूरच्या अभियंत्याला आपला आमदार भोरचा आहे हे पटकन पटत नाही. भोर म्हणजे त्याच्या लेखी रायरेश्वरच्या ट्रेकला जाताना लागणारं गाव. माणच्या कार्यकर्त्याची निवडणूक गेली पंधरा-सोळा वर्षं या न पटण्यापासूनच सुरू होते.

ही गाठ मारली गेली २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत. त्याआधी मुळशी तालुक्याला स्वतःचा विधानसभा मतदारसंघ होता. २००४ साली तिथून शिवसेनेचे शरद ढमाले निवडून आले आणि ते मुळशी मतदारसंघाचे शेवटचे आमदार ठरले. पुनर्रचनेनंतर भोर, वेल्हे (आताचा राजगड) आणि मुळशी हे तीन डोंगरी तालुके एका दावणीला बांधले गेले. ऑक्टोबर २००९मध्ये या नव्या मतदारसंघाची पहिली निवडणूक झाली आणि काँग्रेसचे संग्राम थोपटे आमदार झाले. त्यांचे वडील अनंतराव थोपटे यांनी भोरचं प्रतिनिधित्व अनेक वर्षं केलेलं, त्यामुळे भोरच्या माणसाला या निकालात नवल काही नव्हतं. मुळशीकराला मात्र पौडच्या कचेरीपलीकडे पहिल्यांदाच भोरकडे तोंड करून बघावं लागलं.

वर्तमानपत्रातली निवडणूक सभांची असते, गावातली असते यादीची. मतदारयादी हातात पडली की कार्यकर्ते पहिलं काम करतात ते यादी फोडण्याचं. सरकारी यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांकानं चालते, गाव मात्र भावकीनं आणि वस्तीनं चालतं. म्हणून बोडकेवाडीची नावं एकाकडे, भोईरवाडीची दुसऱ्याकडे, गावठाणातल्या एकेका आळीची तिसऱ्या-चौथ्याकडे अशी वाटणी होते. मग रात्री कुणाच्या तरी ओसरीवर बसून एकेक नाव वाचलं जातं. हा मयत. ही लग्न होऊन मावळात गेली, पण नाव इथंच. हा चिंचवडला राहतो, फोन केला तर येतो. हे नाव दुबार. आणि पेन्सिलीच्या खुणा होतात: आपला, त्यांचा, काठावरचा. काठावरच्यांसाठी पुढचे पंधरा दिवस असतात, त्यांचे मामा, साडू, व्याही शोधून काढण्यासाठी.

यादी वाचणारा माणूस शिकलेला असेलच असं नाही, त्याला सोयरिकी पाठ असतात. भारतीय जनता पक्षानं मतदारयादीच्या एकेका पानावर एकेक कार्यकर्ता नेमून त्याला 'पन्ना प्रमुख' असं नाव दिलं, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रातल्या जुन्या कार्यकर्त्यांना त्यात नवं काय हे कळलं नसेल तर ते साहजिक म्हणायला हवं. नवं होतं ते एवढंच की वरून हिशेब मागितला जाऊ लागला.

मतदानाच्या दिवशी ही यादी टेबलावर येते. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करणं हा गुन्हा आहे, आणि पक्षांची टेबलं आयोगाच्या नियमानं २०२५पर्यंत दोनशे मीटरच्या बाहेर असत. एक टेबल, दोन खुर्च्या, डोक्यावर उन्हापुरतं छप्पर. तिथं पोलचिट फाडून द्यायची: नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक. केंद्राच्या आत बसलेला पोलिंग एजंट झालेल्या मतदानावर खुणा करत जातो. दुपारी एकच्या सुमारास झालेले आणि राहिलेले यांची वजाबाकी होते, आणि तिथून पुढचा सगळा खेळ 'मतदान बाहेर काढण्याचा'. म्हातारीला उठवून आणणं, शेतावर गेलेल्याला निरोप धाडणं, गाडी पाठवणं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(५) मतदारांना उमेदवाराच्या खर्चानं वाहनातून केंद्रावर नेण्याला भ्रष्ट आचरण मानतं. शेजारच्याच्या गाडीत जागा होती म्हणून बसलो, या उत्तरावर मात्र कोणत्याही कलमाचा इलाज चालत नाही.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हीच माणसं वेगळ्या रांगेत उभी असतात. तिथं पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनेल असतं. एकाच पक्षाचे दोघे दोन पॅनेलांतून एकमेकांना पाडतात आणि लोकसभेला पुन्हा एका टेबलावर बसून चिठ्ठ्या फाडतात. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत राज्यात २०१७ला आली, २०२०ला गेली, २०२२ला परत आली. प्रत्येक फेऱ्यात गावातली जुळणी नव्यानं मांडावी लागली. वरच्या निवडणुकीत एखादा कार्यकर्ता अचानक 'थंड' का पडला, याचं उत्तर बहुतेकदा खालच्या निवडणुकीत सापडतं.

माणच्या आसपासच्या प्रचारात पंचांगही लुडबुड करतं. हिंजवडी-वाकडचं ग्रामदैवत म्हातोबा, त्याचं बगाड हनुमान जयंतीला निघतं आणि पंचक्रोशी लोटते. लोकसभेची निवडणूकही नेमकी चैत्र-वैशाखातच येते. २०१४ साली बारामतीचं मतदान १७ एप्रिलला होतं आणि हनुमान जयंती १५ एप्रिलला. मतदानाआधीचे ४८ तास प्रचारबंदीचे, म्हणजे प्रचाराची सांगता आणि चैत्री पौर्णिमा एकाच दिवशी. २०१९ला मतदान २३ एप्रिलला, जयंती १९ला. यात्रेत भाषण करावं लागत नाही, हे यात्रेचं खरं मोल. फेटा बांधून घ्यायचा, गर्दीत दिसायचं आणि कोण कुणाच्या खांद्याला खांदा लावून उभं आहे ते लोकांनी आपसूक टिपायचं.

त्या २०१४च्या निवडणुकीनं बारामतीत पहिला हादरा दिला. सुप्रिया सुळे २००९मध्ये ३,३६,८३१ मतांनी निवडून आल्या होत्या, ते अंतर ६९,७१९वर आलं. समोर होते राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर. ते कमळावर लढले नाहीत, स्वतःच्या पक्षाच्या चिन्हावर लढले. कमळ असतं तर काय झालं असतं, ही चर्चा मग पाच वर्षं पुरली. २०१९ला भाजपनं कांचन कुल यांना कमळावरच उभं केलं आणि अंतर वाढून १,५५,७७४ झालं. चर्चा थांबली.

विधानसभेला मात्र गाडी उलट्या दिशेनं चालली होती. ऑक्टोबर २०१९मध्ये संग्राम थोपटे तिसऱ्यांदा जिंकले, पण शिवसेनेच्या कुलदीप कोंडे यांच्यापुढे फक्त ९,२०६ मतांनी.

या काळात यादीच्या शेपटाला नवी पानं जोडली जात होती. नव्वदच्या दशकाअखेरीस एमआयडीसीनं हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं करायला घेतलं, पुढचे टप्पे माणच्या शिवारात उतरले आणि त्यामागून मनोऱ्यांच्या वसाहती आल्या. १८ डिसेंबर २०१८ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी केली. तेवीस स्थानकांच्या या मार्गाचं एक टोक आणि डेपो माणमध्ये. गावाचं नाव मेट्रोच्या नकाशावर गेलं आणि कारभार राहिला ग्रामपंचायतीकडे. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे आणि गहुंजे ही सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायची चर्चा गेल्या दहा वर्षांत कितीदा तरी उठली आणि बसली. पाणी, कचरा, रस्ता ही नवमतदारांची तीन गाऱ्हाणी त्या चर्चेत अडकलेली.

या नव्या पानांपुढे जुना कार्यकर्ता पहिल्यांदा अडला. इथं भावकी नव्हती. आडनाव वाचून काही कळत नव्हतं, पेन्सिल कुठली खूण करणार? गेटवरचा सुरक्षारक्षक नोंदवहीत नाव लिहून घेतल्याशिवाय सोडत नव्हता, आणि कधी कधी नाव लिहूनही सोडत नव्हता. म्हणून वाट बदलली. सोसायटीच्या कमिटीला धरायचं, गणपतीला आरतीचा मान घ्यायचा, टँकरचा प्रश्न सोडवायचा, आणि मुख्य म्हणजे नाव नोंदवून द्यायचं. फॉर्म नंबर ६ नव्या नावासाठी, ८ पत्ता बदलायला, ७ नाव कमी करायला. हे आकडे सरपंचकीच्या इच्छुकांना तोंडपाठ झाले. २०२२पासून नावनोंदणीसाठी वर्षातून चार अर्हता दिनांक ठरले, त्यामुळे हे काम बारमाही झालं. तरीही अनेकांनी मत आपल्या गावीच ठेवलं. ते ठेवण्यात त्यांची काही चूक नव्हती. माणमध्ये ते भाड्यानं राहत होते आणि घर दर अकरा महिन्यांनी बदलत होतं.

शहरी अनास्थेचा धसका निवडणूक आयोगानंही घेतला. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेसाठी मतदान मुद्दाम बुधवारी ठेवलं गेलं, जोडसुट्टी मिळू नये म्हणून, आणि मोठ्या शहरांतल्या गृहसंकुलांतही केंद्रं काढली गेली.

पण २०२४ हे साल माणच्या टेबलावर बसणाऱ्यांना आठवेल ते त्याआधीच्या मे महिन्यातल्या लोकसभेमुळे. जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादी फुटली, ६ फेब्रुवारी २०२४ला आयोगानं पक्षाचं नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिलं. सुप्रिया सुळे सलग तीनदा घड्याळावर निवडून आलेल्या. आता समोर सुनेत्रा पवार घड्याळ घेऊन उभ्या आणि सुळेंकडे तुतारी वाजवणारा माणूस. १९९९पासून भिंतींवर घड्याळ रंगवणाऱ्या, 'साहेबांचं घड्याळ' म्हणून आज्जींना बटण दाखवणाऱ्या हातांना ते शिकवलेलं पुसायचं होतं. पुसायला वेळ होता तीन महिने. त्यात उमेदवार ३८, म्हणजे केंद्रात तीन-तीन मतदानयंत्रं शेजारीशेजारी. त्यातल्याच एका अपक्षाला मिळालं होतं नुसतं तुतारीचं चिन्ह, माणूस नसलेलं. त्याला चौदा हजारांहून जास्त मतं पडली. साताऱ्यात याच घोळाची किंमत मोठी होती: तिथल्या तशाच अपक्षानं ३७ हजारांवर मतं घेतली आणि सुळेंच्याच पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले. बारामतीत सुळे १,५८,३३३ मतांनी जिंकल्यामुळे तो घोळ निकालाच्या तळटीपेत राहिला.

आणखी एक गोष्ट त्या निवडणुकीत घडली. मार्च २०२४मध्ये शरद पवार भोरजवळच्या संगमनेरला अनंतराव थोपटे यांच्या घरी गेले. दोन्ही घराण्यांत किती वर्षांचं वाकडं होतं हे सगळ्या जिल्ह्याला माहीत. १९९९ला अनंतराव भोरमधून पडले ते राष्ट्रवादीच्या काशिनाथ खुटवडांकडून. या भेटीनंतर काँग्रेस आणि पवारांचे कार्यकर्ते एका टेबलावर बसले आणि भोर विधानसभा क्षेत्रानं सुळेंना सुमारे ४३ हजारांची आघाडी दिली.

सहा महिन्यांनी तेच टेबल, तीच यादी, आणि निकाल उलटा. २० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ला मोजणी. संग्राम थोपटे १९,६३८ मतांनी हरले. जिंकले घड्याळावरचे शंकर मांडेकर. अर्ज भरायच्या तोंडापर्यंत ते ठाकरेंच्या शिवसेनेत होते, म्हणजे थोपट्यांच्याच आघाडीत. महायुतीतूनही कुलदीप कोंडे आणि किरण दगडे असे दोघे अपक्ष उभे राहिलेले. पक्षांच्या हिशेबानं या गणिताचं उत्तर येत नाही. तालुक्याच्या हिशेबानं येतं: मांडेकर मुळशीचे. पुनर्रचनेनंतर पंधरा वर्षांनी मुळशीतला माणूस जिंकेल अशा बेतानं उभा होता आणि मुळशीनं त्याला हात राखून दिलं नाही. महायुतीची राज्यभरची लाट आणि लाडक्या बहिणीचे पैसे होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लाट तिन्ही तालुक्यांत सारखीच वाहत होती, आघाडीचं पाणी मात्र मुळशीतच चढलं. काठावरच्या खुणांपुढे यावेळी व्याही-साडू शोधावे लागले नसावेत, 'आपल्या तालुक्याचा' एवढं पुरलं.

एप्रिल २०२५मध्ये संग्राम थोपटे भाजपमध्ये गेले. म्हणजे पाच महिन्यांपूर्वी समोरासमोर चिठ्ठ्या फाडणारे आता सत्तेच्या एकाच मांडवात आले, आणि जुन्या यादीवरच्या 'त्यांचा' या खुणांचं काय करायचं हा प्रश्न दोन्हीकडे उरला.

प्रश्न लगेच कामाचा होता, कारण जिल्हा परिषदेची निवडणूक यायची होती. पुण्यात ती याआधी झाली २१ फेब्रुवारी २०१७ला. मार्च २०२२ला मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात वर्षं गेली. ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, सप्टेंबरात ती मुदत ३१ जानेवारी २०२६पर्यंत वाढवून दिली. गट-गणांच्या इच्छुकांनी या काळात चार दिवाळ्यांचे फराळ, जवळपास चार वर्षांच्या देवदर्शन सहली आणि न मोजता येतील इतके वाढदिवसांचे फ्लेक्स काढले. निवडणूक नसताना निवडणुकीचा खर्च करणं हे एकट्या मुळशीचं दुखणं नव्हतं. फक्त जमिनीच्या पैशामुळे इथं ते जरा जास्त झगझगीत दिसलं.

त्याच सुमारास यादी स्वतःच बातमी झाली. दुबार नावांवरून १ नोव्हेंबर २०२५ला विरोधकांनी मुंबईत मोर्चा काढला आणि राज्य निवडणूक आयोगानं संशयित दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापायचं ठरवलं. ओसरीवर पेन्सिलीनं होणारी खूण अशी छापील झाली. आयोगानं स्थानिक निवडणुकांसाठी यादी धरली ती १ जुलै २०२५ची. त्यानंतर ज्यांनी सोसायटीच्या कॅम्पात फॉर्म ६ भरला, त्यांची नावं या निवडणुकीपुरती बाहेर राहिली, आणि ज्यानं तो कॅम्प लावला होता त्यालाच आता गेटवर उभं राहून त्यांना हे सांगायचं होतं.