ओयाशिरोसामाचा कोप आणि गप्प बसलेलं गाव

सोनारीच्या काळभैरवनाथाला वर्षातून एकदा तरी जाऊन येणाऱ्या घरातल्या पोराला ‘हिगुराशी’ ही जपानी ॲनिमे मालिका समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. परंडा तालुक्यातलं हे गाव देवावरून ओळखलं जातं. चैत्रात यात्रा भरते आणि ज्यांचं हे कुलदैवत, ती घरं जिथं असतील तिथून गावाकडं येतात. एखाद्या वर्षी जाणं चुकलं आणि नेमकं घरात आजारपण आलं, की म्हातारी माणसं आवाज खाली आणून म्हणतात, ‘देवाचं काहीतरी राहिलंय.’ राखणारा देव आणि कोपणारा देव एकच असतो, हे या भागात कुणाला शिकवावं लागत नाही.

‘हिगुराशी नो नाकु कोरो नी’ २००६ साली आली. स्टुडिओ डीननं केलेले २६ भाग. काळ १९८३ चा जून, गाव हिनामिझावा. डोंगरातलं, चार घरांचं. गिफू प्रांतातल्या शिराकावागो या खऱ्या गावावरून ते चितारलंय. ग्रामदैवत ओयाशिरोसामा. काही वर्षांपूर्वी सरकारनं इथं धरण बांधायचं ठरवलं होतं. गाव एकजुटीनं उभं राहिलं आणि धरण रद्द झालं. पण तेव्हापासून दर जत्रेच्या रात्री एक माणूस मरतं, एक नाहीसं होतं. सीना-कोळेगाव प्रकल्प ज्या तालुक्यात झाला, तिथल्या वाचकाला धरण आणि गाव यांचं नातं वेगळं सांगायला नको. लेखकानं भयकथेच्या मुळाशी भुताऐवजी भूसंपादन ठेवलंय, ही त्याची हुशारी.

(ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सरळ गाळावा.)

शहरातून नवा आलेला केइची हा मुलगा मैत्रिणींना खुनांबद्दल विचारतो. त्या म्हणतात, ‘इथं असं काही झालंच नाही.’ एवढंच. गावाला माहीत आहे, पोरींना माहीत आहे आणि सगळे एकाच सुरात नाही म्हणतात. पुढं तो आजारी म्हणून घरी असताना त्या ओहागी घेऊन येतात. हा चिकट भाताचा गोळा, वरून लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड आवरण. खाताना त्याच्या जिभेला सुई लागते. आपल्याकडं ‘परक्यानं दिलेलं खायचं नाही’ हे ऐकत वाढलेल्या माणसाच्या अंगावर इथं काटा येतोच. आपल्याला मारायचा कट शिजतोय, अशी केइचीची खात्री पटते आणि शेवटी तोच बॅट उचलून मैत्रिणींना मारतो. पुढच्या भागांत तोच जून पुन्हा सुरू होतो, वेगळ्या वळणानं. खूप उशिरा कळतं की त्या गोळ्यात सुई नव्हतीच. पोरींनी गंमत म्हणून तिखट सॉस घातला होता. आपणही सुई पाहिली होती, तिच्यावर विश्वास ठेवला होता. म्हणजे भ्रम एकट्या केइचीला झाला नव्हता, मालिकेनं आपल्यालाही त्यात ओढून नेलं होतं.

प्रेक्षकालाही भ्रमात ओढून नेणं चित्रातच इतकं बेमालूम जमतं. कॅमेऱ्यासमोर खरी खोली आणि खरा नट असला की भास दाखवायला काहीतरी वेगळं करावं लागतं. प्रकाश बदला, धूर सोडा. प्रेक्षक सावध होतो. ॲनिमेत खोलीही काढलेली आणि भासही त्याच हातानं काढलेला. दोन्हींमधली शिवण दिसतच नाही. सातोशी कोन या दिग्दर्शकानं १९९७ च्या ‘परफेक्ट ब्लू’ चित्रपटात हे टोकाला नेलं. गायिकेची नटी झालेली मिमा सीन देते आहे, स्वप्नात आहे की घरात आहे, हे तिच्याइतकंच आपल्यालाही कळेनासं होतं.

भयकथा ॲनिमेला मानवते, याचं दुसरं कारण पैशाचं आहे. ओसामु तेझुकांनी १९६३ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला टीव्हीवर द्यायला सुरुवात केली, तेव्हा प्रत्येक हालचाल काढायला ना वेळ होता ना बजेट. मग चित्रं कमी काढायची, एकच चित्र जास्त वेळ ठेवायचं, फक्त ओठ हलवायचे, असा रिवाज पडला. साहसकथेत ही कंजुषी डोळ्यावर येते. भयकथेत मात्र न हलणारा चेहरा हेच भांडवल. १९९८ च्या ‘सिरियल एक्सपेरिमेंट्स लेन’मध्ये कितीतरी वेळ नुसत्या विजेच्या तारा आणि त्यांची घरघर असते. ‘हिगुराशी’त रातकिड्यांसारखी किर्र करणारी सिकाडा किड्यांची हाक थांबत नाही, मालिकेच्या नावातला किडा तोच.

कोन यांची ‘पॅरानोइया एजंट’ (२००४, १३ भाग) मला या सगळ्यांत सरस वाटते. कामाच्या ताणानं कोंडीत सापडलेली एक चित्रकार सांगते, की स्केट्सवरून आलेल्या, सोनेरी बॅटवाल्या पोरानं मला मारलं. मग तो पोरगा शहरभर दिसू लागतो. जो जो कोंडीत सापडतो, त्याला त्याला तो गाठतो, आणि मार खाल्लेल्याला उलट सुटल्यासारखं वाटतं. एका भागात तर इमारतीतल्या बायका गप्पांत एकमेकींच्या वरचढ किस्से रचत बसतात. २०२४ च्या पावसाळ्यात बीड-धाराशिवकडच्या गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर टेहळणी करतात, अशी बोलवा उठली आणि माणसं रात्ररात्र जागली. वर काय उडत होतं हा प्रश्न वेगळा. पण ते गावोगाव कसं पोचलं, हे समजायला ही जपानी मालिका उपयोगी पडते. अफवेचं भीषण टोकही महाराष्ट्रानं पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते.

मराठीत भयकथेचा हा प्रांत मोकळा नव्हता. नारायण धारपांनी (१९२५–२००८) घराघरांत भीती नेली, रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी ती मध्यमवर्गीय माणसाच्या मनात शिरवली. पण धारपांच्या जगात अनिष्ट शक्ती खरीच असते आणि तिच्याशी लढायला ‘समर्थ’ या त्यांच्या नायकासारखा कुणीतरी येतो. ॲनिमेत असं कुणी येईल याचा भरवसा नसतो. ‘रात्रीस खेळ चाले’ ही टीव्ही मालिका २०१६ मध्ये गाजली, कोकणातलं घर आणि त्यातली माणसं तिनं छान पकडली. पण रोज एक भाग द्यायच्या चाकोरीत भीतीला मुरायला जागा उरत नाही. मोजक्या भागांत गोष्ट संपवणं, हा जपानी मंडळींचा मोठा फायदा आहे.

रक्तपात मात्र या प्रकाराची दुबळी बाजू. ‘हिगुराशी’त तो अनेकदा उगाच येतो, आणि मोठ्या डोळ्यांच्या गोड मुली पाहून घरातल्या लहानांसमोर ती लावली तर पस्तावाल. मोठ्यांनी सुरुवात करायची तर २०२५ च्या ‘द समर हिकारू डाइड’पासून करावी, नेटफ्लिक्सवर आहे, मोकुमोकुरेन यांच्या ‘मांगा’ म्हणजे चित्रकथेवरून केलेली. डोंगरात हरवलेला मित्र परत येतो. योशिकीला कळतं की हा तो नाही. तो तसं विचारतोही, आणि समोरचं जे काही आहे ते कबूल करतं, वर कुणाला सांगू नकोस म्हणून गयावया करतं. योशिकी कुणालाच सांगत नाही, कारण मित्र अजिबात नसण्यापेक्षा असा असलेला त्याला चालतो. हे सगळं पहिल्याच भागात होतं.