गोलमेज परिषदेतील तीन आसने

इतिहासाच्या पुस्तकात गोलमेज परिषदेच्या वाट्याला चार-दोन ओळी येतात. त्या पाठ करून आपण पुढील धड्याकडे वळतो. परंतु त्या परिषदेत कोण बसले होते आणि ते कोणाच्या वतीने बोलत होते, असा प्रश्न विचारून पाहिला, तर दूरच्या लंडनचा तो प्रसंग थेट आपल्या बेळगाव-निपाणीच्या परिसराशी येऊन भिडतो.

पहिल्या गोलमेज परिषदेचे उद्घाटन १२ नोव्हेंबर १९३० रोजी बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. अध्यक्षस्थानी पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड होते. हिंदुस्थानची भावी राज्यघटना कशी असावी, हा विचाराचा विषय होता. सविनय कायदेभंगाचा लढा चालू असल्याने काँग्रेस या बैठकीस गेली नाही. गोल मेजाला अग्रस्थान नसते. भोवती बसणारे सारे समान, अशी त्या नावामागील कल्पना. मात्र त्या मेजाभोवती जमलेल्या हिंदी प्रतिनिधींपैकी एकालाही मतदारांनी निवडून धाडलेले नव्हते. ब्रिटिश मुलखातील प्रतिनिधी सरकारने नेमलेले होते आणि संस्थानी प्रजेच्या वतीने संस्थानिक व त्यांचे दिवाण बोलत होते.

संस्थानांच्या सोळा प्रतिनिधींत दोन मराठी अधिपती होते. त्यांपैकी एक सांगलीचे श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन. बेळगावला अगदी खेटून असलेले शहापूर त्या काळी सांगली संस्थानात मोडत असे. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तेव्हा ही स्थिती संपली. म्हणजे रस्त्याच्या अलीकडे ब्रिटिश अंमल आणि पलीकडे सांगलीकरांचा. शहापूरच्या विणकराचा आवाज लंडनला पोहोचायचा, तर तो त्याच्या राजाच्याच मुखातून. राजाने तो ऐकला असेल तर ठीक. न ऐकल्यास प्रजेजवळ दुसरा उपाय नव्हता.

दुसरे अधिपती बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि १८७५ साली दत्तकविधानाने ते गादीवर आले. त्यांच्या शब्दाला वजन होते ते केवळ गादीमुळे नव्हे. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यात लागू केला. परदेशी पाहिलेली ग्रंथालये आपल्या प्रजेलाही मिळावीत, म्हणून १९१० साली त्यांनी बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविले. १९३३ साली शिकागो येथे भरलेल्या सर्वधर्मीय परिषदेतही त्यांना मानाचे स्थान मिळाले. घरी काम केलेला मनुष्य बाहेर बोलू लागला, की त्याचे बोलणे पोकळ वाटत नाही.

आता तिसरे आसन. ते कोणा राजाचे नव्हते. १९१३ साली सयाजीरावांनी एका तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. ते भीमराव आंबेडकर. १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. परंतु खुद्द महाराजांच्या राजधानीत या विद्वान अधिकाऱ्याला अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. राजाची इच्छा एक आणि समाजाची रूढी दुसरी, हे कटू सत्य त्यांनी तेथे अनुभवले. पुढे १९२५ साली आपल्या निपाणीत प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते. पाच वर्षांनी लंडनमध्ये, ज्या परिषदेत सयाजीराव बसले होते त्याच परिषदेत, ते अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिले. ब्रिटिश अमलात आपल्या लोकांची स्थिती सुधारली नाही, म्हणून लोकांचेच राज्य हवे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. दाता आणि शिष्यवृत्तिधारक एका मेजाशी समान झाले. गोलमेज हे नाव येथे तरी सार्थ ठरले.

या परिषदेत संस्थानिकांनी संघराज्यात येण्याची तयारी दर्शविली. १९३५ च्या कायद्यात ती योजना आलीही. पण पुरेशी संस्थाने सामील झाली नाहीत आणि १९३९ साली महायुद्ध पेटताच ती मागे पडली. १९७१ साली घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे रद्द झाले. राजांची आसने गेली. सयाजीरावांनी उघडलेल्या शाळा आणि आंबेडकरांनी मागितलेला प्रत्येकाच्या मताचा अधिकार मात्र टिकून राहिला.

आजही जगाच्या व्यासपीठांवर कोणी ना कोणी आपल्या नावाने बोलत असतो. अशा वेळी दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी: याला बोलण्याचा अधिकार कोणी दिला? आणि ज्यांच्यासाठी हा बोलतो, त्यांच्यासाठी याने घरी काय केले? हे प्रश्न राजालाही लागू आहेत आणि उद्या तुमच्यापैकी जो कोणी तेथवर पोहोचेल, त्यालाही.