सीमेवरची गावे : लेखांक सातवा
नॉरहॅम : ट्वीडच्या उताराचे गाव

ट्वीड नदी उत्तर समुद्राला मिळण्यापूर्वी सुमारे 27 किलोमीटर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची सीमा होऊन वाहते. याच टप्प्यात, तिच्या दक्षिण काठावर, नॉर्थम्बरलंड परगण्यातले नॉरहॅम हे छोटे गाव वसले आहे. पूल नव्हते त्या काळात येथे नदीला पायी ओलांडण्याजोगा उतार होता. गावातले चर्च, माथ्यावरचा किल्ला आणि आसपासची रणभूमी या साऱ्यांचा उगम या उतारात आहे.

गावाची रचना साधी आहे. एका टोकाला सेंट कथबर्टचे चर्च आणि दुसऱ्या टोकाला, नदीवर झुकलेल्या उंचवट्यावर, किल्ला. या दोहोंच्या मध्ये दगडी घरांचा रस्ता आणि हिरवळीचा चौक आहे. चौकातल्या जुन्या बाजारस्तंभाच्या टोकावर वारा दाखवणारा मासा बसवलेला आहे. ट्वीडमधली सामन माशाची मासेमारी हा गावाचा परंपरागत धंदा होता. 14 फेब्रुवारीला हंगाम सुरू होत असे आणि त्या मध्यरात्री जाळी पाण्यात पडण्यापूर्वी धर्मगुरू नदीकाठी प्रार्थना म्हणत.

चर्चचा सर्वांत जुना भाग बाराव्या शतकातला, नॉर्मन शैलीचा आहे. त्याआधीही, नवव्या शतकापासून, येथे चर्च होते. स्कॉटलंडची गादी रिकामी झाल्यावर वारसाहक्काचा वाद इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्याकडे आला, तेव्हा 1291 साली त्याने दावेदारांना नॉरहॅमलाच बोलावले. दाव्यांचा निवाडा करण्याआधी एडवर्डने आपले अधिराज्य मान्य करण्याची अट घातली आणि दावेदारांनी ती स्वीकारली. 1292 मध्ये निकाल जॉन बेलियल या दावेदाराच्या बाजूने लागला. त्यानंतरची स्कॉटलंडची स्वातंत्र्ययुद्धे याच अधिराज्याच्या प्रश्नावरून पेटली.

किल्ला मात्र राजाने नव्हे, एका बिशपने बांधला. नॉरहॅमचा मुलूख सुमारे 100 किलोमीटर दक्षिणेला असलेल्या डरहॅमच्या बिशपांच्या ताब्यात होता आणि 1844 पर्यंत तो प्रशासकीयदृष्ट्या डरहॅम परगण्यातच मोडत होता. बिशप रॅनल्फ फ्लॅम्बार्ड याने 1121 मध्ये उतारावर नजर ठेवण्यासाठी किल्ल्याची उभारणी सुरू केली. स्कॉटिश सैन्याने तो लवकरच पाडला. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात बिशप ह्यू द्यू पुझे याने तो नव्याने बांधला. आज सुमारे 27 मीटर उंचीची जी भग्न दगडी गढी दिसते, तिचा गाभा त्याच्याच काळातला आहे. उत्तरेला नदीचा तुटलेला कडा आणि उरलेल्या बाजूंना दरी व खंदक, अशी या जागेची नैसर्गिक तटबंदी आहे. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या सैन्याने वारंवार वेढे घालूनही किल्ला तग धरून राहिला.

तोफा आल्यावर चित्र पालटले. ऑगस्ट 1513 मध्ये स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स जड तोफा घेऊन ट्वीडपार आला आणि काही दिवसांच्या भडिमारातच नॉरहॅम पडले. पाठोपाठ दक्षिणेकडच्या एटल आणि फोर्ड या गावांतले किल्लेही त्याने घेतले. एटलच्या किल्ल्याचे अवशेष आजही पाहता येतात. फोर्डमध्ये लेडी वॉटरफर्ड हॉल ही जुनी शाळा आहे. लुइझा वॉटरफर्ड या चित्रकर्तीने 1862 पासून सुमारे दोन दशके तिच्या भिंतींसाठी बायबलमधले प्रसंग रंगवले आणि त्यासाठी गावातल्याच मुलामाणसांना नमुना म्हणून बसवले.

या मोहिमेचा शेवट 9 सप्टेंबर 1513 रोजी ब्रँक्स्टन गावाजवळ, फ्लॉडनच्या लढाईत झाला. तिथल्या टेकडीच्या पायथ्याशी उभे राहिले, की स्कॉटिश पराभवाचे कारण जमिनीवरच वाचता येते. स्कॉटिश सैनिकांचे भाले पाच मीटरांहून लांब होते. रांगा एकसंध राहिल्या तरच ते कामाचे. उतरणीवरून खाली येताना पायथ्याच्या दलदलीत रांगा फुटल्या. इंग्लिश सैनिकांच्या आखूड दांड्याला कोयत्यासारखे आकडेदार पाते होते. जवळच्या हातघाईत त्याने भाल्यांचे दांडे तोडले. स्वतः जेम्स राजा मारला गेला. ब्रिटनमध्ये रणांगणावर पडलेला तो शेवटचा राजा. 1910 मध्ये उभारलेला दगडी क्रूस दोन्ही राष्ट्रांच्या वीरांना अर्पण केलेला आहे. ब्रँक्स्टनमधल्या जुन्या टेलिफोन बूथमध्ये लढाईची माहिती देणारे चिमुकले केंद्र आहे.

याच जेम्सने बांधवलेले चर्च नॉरहॅमसमोर, स्कॉटिश काठावरच्या लेडीकर्क गावात आहे. ट्वीडचा उतार ओलांडताना बुडण्यातून वाचल्याबद्दल त्याने ते मेरीला अर्पण केले, असे परंपरा सांगते. आगीपासून बचाव व्हावा म्हणून त्याचे छप्परही दगडाचेच केले आहे.

सीमेचे लष्करी महत्त्व 1603 मध्ये संपले. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या मृत्यूची वार्ता घेऊन रॉबर्ट कॅरी लंडनहून घोडदौड करत एडिंबराला निघाला. वाटेत नॉरहॅमच्या परिसरात तो पडला आणि घोड्याची लाथ डोक्याला लागून जखमी झाला. तरीही निघाल्यापासून तिसऱ्या रात्री तो पोहोचला. स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला आणि किल्ला ओस पडला. पुढे हे भग्नावशेष चित्रकार टर्नरने 1797 पासून पुन्हा पुन्हा रंगवले. सुमारे 1845 चे त्याचे ‘नॉरहॅम कासल, सनराइज’ हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

उताराची गरजही पुढे उरली नाही. नॉरहॅमच्या खालच्या अंगाला कॅप्टन सॅम्युएल ब्राउनने बांधलेला लोखंडी साखळ्यांचा युनियन पूल 1820 मध्ये खुला झाला. 137 मीटरांचा त्याचा गाळा त्या काळी अशा पुलांमध्ये जगात सर्वांत लांब होता. मोठ्या दुरुस्तीनंतर 2023 पासून त्यावरून पुन्हा वाहने जातात.

नॉरहॅमला जाण्यासाठी लंडन–एडिंबरा रेल्वेमार्गावरचे बेरिक हे जवळचे स्थानक असून तेथून गाव रस्त्याने सुमारे 11 किलोमीटर आहे. किल्ला इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या देखरेखीखाली आहे आणि तो पाहण्यासाठी शुल्क नाही.