वृंदातली माणसं

‘आज रात्री चौकात ऑर्केस्ट्रा आहे,’ असं गणपतीत कुणी म्हटलं, की आपल्याला काय दिसतं? रंगीत दिवे, निवेदकाचे विनोद, हुबेहूब किशोरकुमार आणि नाचायला टपलेली पोरं. व्हिएन्नातला रसिक हे पाहून चक्रावेल. पण त्यानं फार नाक मुरडू नये. ग्रीक नाट्यगृहात कोरस जिथे नाचे, त्या जागेचं हे नाव. पुढे युरोपात रंगमंचासमोर बसणाऱ्या वादकांना ते चिकटलं. म्हणजे पोरांचाच हक्क जुना!

आपला ‘वाद्यवृंद’ हा शब्द मला पूर्वी सरकारी कचेरीत घडवल्यासारखा वाटे. पण त्यातला ‘वृंद’ चांगला मुरलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वादकांच्या समूहाला ‘कुतप’ म्हटलंय. ‘वृंद’ सविस्तर भेटतो तो तेराव्या शतकातल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त. हा ग्रंथ कुठला, तर यादवांच्या देवगिरीचा, म्हणजे आपल्या दौलताबादचा! उत्तम वृंदाचा हिशेबच त्यात आहे: ४ मुख्य गायक, ८ त्यांच्या जोडीचे, १२ गायिका, ४ बासरीवाले, ४ मृदंगवाले. बत्तिसांत वादक अवघे आठ. गळ्यापुढे वाद्यानं दोन पावलं मागे राहावं, ही आपली जुनी रीत. नुसत्या वाद्यांचा मोठा मेळ आकाशवाणीनं १९५२मध्ये दिल्लीत उभा केला, रविशंकरांच्या हाती, आणि ‘वाद्यवृंद’ हा शब्द रेडिओवरून घरोघरी पोचला.

माझी तक्रार या शब्दाच्या पोटाबद्दल आहे. तो माणसं गिळतो. घरातल्या जुन्या तबकड्या काढून बघा. गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं सापडतील. व्हायोलिनवाल्यांची? सिनेमाच्या गाण्यांत पाश्चात्त्य वाद्यं वाजवणाऱ्यांत गोव्याची मंडळी किती तरी होती. त्यांची नावं श्रेयनामावलीत क्वचितच आली. त्यापेक्षा चौकातला निवेदक बरा. ‘ऑक्टोपॅडवर आहेत...’ म्हणत तो एकेकाला टाळ्या तरी मिळवून देतो.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस असेच एक व्हायोलिनवादक. रागदारीला पाश्चात्त्य स्वरमेळात बसवायचं त्यांच्या मनात होतं. १९५८मध्ये मुंबईत त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. आज त्यांचं नाव पोराटोरांनाही पाठ आहे, पण ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे. संगीतकार जोडीतल्या प्यारेलालांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला केलेला तो नमस्कार होता. पडद्यावर मात्र ते नाव सांगत अमिताभ बच्चन अंड्यातून बाहेर आले.