मागच्या दाराचं कुलूप

आमच्या मोहल्ल्यात अर्ज लिहून देणारा माणूस म्हणून माझी थोडीफार ख्याती आहे. कवी म्हणून आहे की नाही, ते सोडून द्या. रेशनकार्डात नाव घालायचं असो, विजेचं बिल अव्वाच्या सव्वा आलेलं असो, लोक कोरा कागद घेऊन माझ्या ओट्यावर येतात. २०२३ च्या डिसेंबरात अशीच आठ-दहा पोरं आली. निम्मी मला चाचा म्हणणारी, निम्मी काका म्हणणारी. सगळी आठवी ते बारावीतली. त्यांना अर्ज हवा होता, पोलीस ठाण्यात द्यायला. सहामाही परीक्षा संपली होती, नाताळची सुट्टी तोंडावर होती आणि त्यांना एका संध्याकाळी हॉल घेऊन, डीजे लावून नाचायचं होतं.

माझ्या तोंडून पहिल्यांदा ‘नाही’च निघालं. थोरांच्या तोंडून ते आपोआप निघतं. त्यावर त्यांच्यातली एक मुलगी शांतपणे म्हणाली, “चाचा, मागच्या दिवाळीतही सगळे नाहीच म्हणाले होते.”

मागच्या दिवाळीचं मला आठवत होतं. २०२२ साली याच पोरांनी कुणाला न विचारता गावाबाहेरच्या एका रिकाम्या गोदामात कार्यक्रम केला होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून शटर अर्ध्यावर ओढलेलं. वायर शेजारच्या दुकानातून घेतलेली. मध्येच वीज गेली, अंधारात रेटारेटी झाली आणि एक मुलगी गुदमरून पडली. ती वाचली, पण आम्हा मोठ्यांना हे सगळं आठवड्याने कळलं. आपण नाही म्हटल्यानं कार्यक्रम थांबत नाही, तो फक्त आपल्या नजरेआड जातो, एवढं मी त्या दिवशी शिकलो. म्हणून म्हटलं, बसा. अर्ज लिहू. पण आधी मी एक गोष्ट सांगतो, ती ऐका.

गोष्ट स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहराची. २९ ऑक्टोबर १९९८ च्या रात्री तिथल्या हिसिंगेन भागात एका मॅसेडोनियन मंडळाच्या सभागृहात मुलामुलींचा नाचगाण्यांचा कार्यक्रम होता. तरुण मुलांनीच हॉल भाड्यानं घेतला होता. आलेली बहुतेक मुलं शाळकरी वयाची आणि दूरदेशांतून येऊन तिथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतली होती. मोठ्यांच्या नाचघरात या वयाला प्रवेश नसतो, तेव्हा अशा भाड्याच्या हॉलचाच आधार. हॉल वरच्या मजल्यावर होता. परवानगी दीडशे माणसांची होती, आत पावणेचारशेच्या आसपास मुलं होती. नाचायला जागा व्हावी म्हणून खुर्च्या-टेबलं उचलून मागच्या जिन्यात रचून ठेवली होती. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आपणही लग्नात तेच करतो. पण तो जिना म्हणजे संकटकाळी बाहेर पडायची वाट होती.

रात्री बाराच्या आधी त्याच जिन्यातल्या सामानाला आग लागली. ती चार तरुणांनी लावली, हे २००० साली न्यायालयात सिद्ध झालं. एक वाट आगीनं बंद झाली. उरला एकच दरवाजा. सगळे तिकडे धावले, पुढचे पडले, मागचे त्यांच्यावर पडले आणि दार माणसांनीच बुजलं. काहींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. त्रेसष्ट जण गेले, दोनशेहून अधिक जखमी झाले. गेलेल्यांत बारा वर्षांची मुलंही होती.

पोरं गप्प झाली. मग एकानं विचारलं, “पण काका, आपल्याकडे कोण आग लावणार?” प्रश्न बरोबर होता. उत्तर असं, की आग कोण लावेल हे आपल्या हातात नाही. जिन्यात खुर्च्या रचायच्या की नाहीत आणि आत किती जणांना सोडायचं, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला एकोणसाठ माणसं मेली, ती मुख्यतः धुरानं. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवताना बाहेर जायची वाट अडवली गेली होती. आणि गर्दीला तर आगही लागत नाही. पोरं माझ्याकडे यायच्या काही दिवस आधीच, २५ नोव्हेंबर २०२३ ला, कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाला पाऊस आला. बाहेरची मुलं आडोशासाठी एकदम आत घुसली, पायऱ्यांवर घसरली आणि चौघांचे जीव गेले. निमित्त फक्त पावसाचं.

मग आम्ही कागद घेतला. अर्ज नंतर, आधी हिशेब. ठरवलेला हॉल चाळीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद. म्हणजे हजार चौरस फूट, साधारण त्र्याण्णव चौरस मीटर. त्यातून डीजेचं टेबल, स्पीकर, पाण्याची जागा आणि दारांसमोरची मोकळी पट्टी वजा करा. उरले ऐंशी. नाचणाऱ्याला हातपाय हलवायला निदान एक चौरस मीटर तरी हवा. म्हणजे मुलं ऐंशी. तेवढ्याच जागेत माणूस दाटीनं उभा राहिला तर चौघे मावतात. सहा-सात झाले, की माणूस स्वतःच्या पायानं चालत नाही, गर्दी त्याला वाहून नेते. अशा वेळी माणूस तुडवला जाऊन मरतो असा आपला समज असतो. पुष्कळदा तो उभ्या उभ्या मरतो, कारण छाती फुगायलाच जागा उरत नाही.

पोरांच्या यादीत एकशे पन्नास नावं होती. कुणाला गाळायचं? भांडणं सुरू झाली. तोडगा त्यांच्यातल्याच एकीनं काढला. दोन पाळ्या करू. पाच ते सात एक, सव्वासात ते सव्वानऊ दुसरी. प्रत्येक पाळीला पंचाहत्तर. मी आत येणाऱ्याला देण्यासाठी पत्र्याचे नंबर घातलेले बिल्ले आणले, सायकलस्टँडवर असतात तसे. आत जाताना घ्यायचा, बाहेर पडताना परत द्यायचा. आत किती जण आहेत ते कोणत्याही क्षणी डब्यात बघून कळावं.

नंतर दारं पाहिली. हॉलला पुढे एक, मागे एक. मागच्या दाराला भलंमोठं कुलूप आणि किल्ली रखवालदाराकडे. रखवालदार संध्याकाळी जेवायला घरी जातो. आपल्याकडच्या किती सभागृहांत हेच आहे, तुम्हीच आठवून पाहा. दाराचं आणखी एक तत्त्व आहे. गर्दीच्या जागेचं दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. आत उघडणाऱ्या दारावर घाबरलेली माणसं रेलली, की ते दार मागे ओढायला जागाच राहत नाही. आमचं मागचं दार सुदैवानं बाहेर उघडणारं होतं. ते कुलूप त्या संध्याकाळपुरतं मी माझ्या ताब्यात मागून घेतलं. दाराशी कार्यक्रमभर एक मोठा माणूस बसेल, असं ठरलं. थर्माकोलची सजावट नाही, भिंतीला नायलॉनचे पडदे नाहीत, आत आतषबाजी नाही. असल्या वस्तू पेटल्या की काळा धूर सोडतात आणि ज्वाळेच्या आधी धूर मारतो.

आता आवाज. आमच्या भागात मोठ्या स्पीकरांच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात आणि छातीत धडधडल्याशिवाय पोरांना गाणं वाजल्यासारखं वाटत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा तो वाजवता येत नाही; बंदिस्त सभागृहात, आतल्या आत आवाज ठेवला तर सूट आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सणासमारंभासाठी रात्री बारापर्यंत मुभा देऊ शकतं. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचं शंभर मीटर क्षेत्र शांततेचं म्हणून जाहीर करता येतं. लोकांना वाटतं, हे नियम शेजाऱ्यांसाठी आहेत. नाचणाऱ्याच्या कानाचा विचार कुणी करत नाही.

डेसिबलचं गणित वेगळं असतं. आवाज तीन डेसिबलनं वाढला, की त्यातली ऊर्जा दुप्पट होते आणि कानाला सोसणारा वेळ निम्मा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ऐंशी डेसिबल आठवड्याला चाळीस तास चालतात. तीन-तीननं वाढवत, वेळ निम्मा करत जा. शंभराच्या आसपास पोचेपर्यंत आठवड्याची शिल्लक वीसेक मिनिटांवर येते. लहान मुलांचा कान तर याहून नाजूक. कानाच्या आतल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. याच संघटनेनं २०२२ साली संगीताच्या कार्यक्रमांसाठी मानक काढलं. सरासरी आवाज शंभर डेसिबलच्या वर नको, तो मोजत राहा, विश्रांतीला शांत कोपरा ठेवा, असं त्यात आहे. हे शंभर म्हणजे कमाल मर्यादा, आणि मुलांसाठी तीही जास्तच. डीजेवाल्या पोराला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. पण फोनवर मोजून बघू म्हटल्यावर त्यालाच कुतूहल वाटलं. आम्ही स्पीकर दोनच ठेवले, त्यांच्यापुढे दोरी बांधली आणि दर अर्ध्या तासानं दहा मिनिटं हलकं गाणं ठेवलं. जवळच्या मशिदीतल्या इशाच्या अजानला गाणं थांबवायचं, हे मला सांगावं लागलं नाही. वेळापत्रकात मुलांनीच ते आधी लिहून ठेवलं होतं.

गाणी वाजवायलाही परवाना लागतो, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. शाळेनं आपल्या विद्यार्थी-पालकांपुरता कार्यक्रम केला, तर कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. आमचा कार्यक्रम शाळेचा नव्हता. ध्वनिमुद्रणाचा हक्क एकाचा, शब्द आणि चाल यांचा दुसऱ्याचा, म्हणून परवाने दोन. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकाराला मानधनाचा वाटा पक्का मिळाला. शब्द लिहिणारा म्हणून ही पावती मी स्वतः फाडून घेतली, आनंदानं.

पण पालक या कशाबद्दलच विचारत नव्हते. मुलींच्या आयांचा प्रश्न एकच होता: “कुणी व्हिडिओ काढला तर?” अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीनं एखाद्या मुलीची शाळा सुटू शकते, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून फोन दाराशी जमा करायचे, पिशवीवर नाव लिहून. फोटो हवा तर बाहेरच्या अंगणात, सर्वांना विचारून. एक निवृत्त परिचारिका आणि एक शिक्षिका पूर्णवेळ आत. पाणी फुकट आणि भरपूर, बाहेरून आणलेली बाटली आत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्यानं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे मोठ्या भावांसाठी दारावर लिहून लावलं. आणि सगळ्यांत जोखमीची वेळ नाचण्याची नसते, घरी जायची असते. प्रत्येकाच्या नावापुढे कोण न्यायला येणार, हे वहीत लिहिलं. ते माणूस आल्याशिवाय मूल सोडायचं नाही.

संध्याकाळ छान गेली. पहिली पाळी वेळेवर सुटली. दुसरीही सव्वानऊला थांबली, दिवे लागले, घामेजलेली पोरं हसत बाहेर पडली. मी डब्यातले बिल्ले मोजले. चौऱ्याहत्तर. पुन्हा मोजले. चौऱ्याहत्तर.

पुढची दहा मिनिटं मी विसरणार नाही. आम्ही स्वच्छतागृहं पाहिली, स्टेजमागे पाहिलं, मागच्या दाराबाहेरच्या गवतात बॅटरी मारली. शेवटी वहीतली नावं एकेक करून फोन लावला. तेविसाव्या नंबरचा मुलगा घरी भात खात बसला होता. वडील लवकर आले म्हणून निघून गेला होता, बिल्ला खिशात राहिला. त्या वेळी दारावर मीच होतो आणि कुणाशी तरी कवितेबद्दल बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी तो बिल्ला परत करायला आला तेव्हा कान पकडून उभा राहिला. मी म्हटलं, “बेटा, चूक तुझी नाही.” मग रखवालदाराला त्याचं कुलूप नेऊन दिलं. ते रात्रभर माझ्या कोटाच्या खिशातच होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)