इंजिन नवं, धुराची वाट जुनी

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याच्या शिवारात ट्रॅक्टरचा सायलेन्सर उघड्यावर उभा असतो. धूर वाऱ्यावर जातो, पाणी शिरलंच तर पावसाचं. तसंच डिझेल इंजिन रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात किंवा हर्णैला मासेमारी नौकेच्या पोटात बसलं, की तोच धूर बाहेर काढणं अवघड होतं. इथे इंजिन बंद खोलीत, बऱ्याचदा समुद्राच्या पातळीखाली असतं. भोवती लाकूड किंवा फायबर.

पावसाळी मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात. इंजिन बदलायचं तर सवड तेव्हाच. जास्त ताकदीचं इंजिन येतं. पाइप मात्र धडधाकट दिसतो म्हणून जुनाच जोडण्याचा मोह होतो.

हिशेब करून पाहा. ४ लिटरचं, टर्बो नसलेलं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २००० फेरे घेताना सुमारे ४००० लिटर हवा ओढतं, कारण प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच भरतो. २७ अंश सेल्सिअसची ही हवा ४०० अंशांना बाहेर पडली, तर फुगून सव्वादोन पट होते. म्हणजे मिनिटाला जवळपास ९००० लिटर धूर! त्याच पाइपातून दुप्पट धूर सोडला तर विरोध चौपट होतो. उलट, व्यास वाढला की विरोध साधारण पाचव्या घाताने घटतो. तीन इंची पाइपाच्या जागी चार इंची घातला तर तो चौथ्या हिश्शाच्याही खाली येतो. दुप्पट धुराची सोय अशी एका इंचात होते. पाइपाला जितके कोपरे, तितका विरोध मात्र पुन्हा वाढतो.

विरोध वाढला की जळालेला वायू सिलिंडरात मागे राहतो, ताज्या हवेला जागा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं. काळा धूर, तापलेलं इंजिन आणि वाढलेला खर्च हे त्याचेच परिणाम. इंजिनाच्या तोंडाशी पाण्याने भरलेली ‘यू’ आकाराची नळी जोडली, तर या विरोधामुळे येणारा उलटा दाब पूर्ण भारावर मोजता येतो. त्याची मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली असते.

धूर काढण्याच्या पद्धती दोन. सुक्या पद्धतीत पाइप सरळ वर जातो आणि त्याला उष्णतारोधक वेष्टन लागतं. ओल्या पद्धतीत इंजिन थंड करून आलेलं समुद्राचं पाणी धुरात सोडतात. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. धूर इतका निवतो की पुढे रबरी नळी चालते. पण पाणी उलटं सिलिंडरात शिरलं तर घात होतो. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. हे टाळण्यासाठी पाणी मिसळण्याची जागा समुद्रपातळीच्या बरीच वर हवी आणि तिथून नळीला बाहेरच्या बाजूला उतार हवा.

नव्या इंजिनाचं धुराचं तोंड जुन्याच्याच उंचीवर येईल असं नाही. त्यात काम चालतं किनाऱ्यावर, कोरड्या नौकेत. बर्फ, डिझेल आणि मासळीने भरलेली नौका मात्र कितीतरी खोल बसते. उंची मोजायची ती त्या भरल्या नौकेच्या पाणरेषेपासून.

सांधे तर गळकेच नकोत. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. शेजारच्या केबिनमध्ये झोपलेल्या खलाशाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून इंजिनाची किंमत ठरवतानाच पाइपाचा व्यास, कोपऱ्यांची संख्या आणि भरल्या नौकेची पाणरेषा ही तीन मापं कागदावर घ्यावीत.